ठोशाच्या आधी

फोन आडवा धरा आणि आवाज बंद करा. जुन्या मुष्टियुद्धांच्या फिती आज फोनवर सहज मिळतात. त्यांतल्या सगळ्यात जुन्यांना मुळात आवाजच नव्हता. गलका, घंटा, दणके असं जे ऐकू येतं ते नंतर कुणीतरी बसवलेलं असतं आणि कुठे दचकायचं ते आपल्याला सांगत राहतं. तेवढं ओझं आधी उतरवू. जेवण झालंय, हळदीचा हंगाम सरलाय, मोंढ्याकडची ट्रकांची वर्दळ थांबलीय. घाई कशाचीच नाही. एक लढत बघू, मग जमलं तर दुसरी.

पहिली फीत 4 जुलै 1910 ची, अमेरिकेतल्या रीनो गावची. जॅक जॉन्सन विरुद्ध जेम्स जेफ्रीज, जगातलं हेवीवेट विजेतेपद पणाला. लावा, आणि लढणाऱ्या दोघांकडे बघूच नका. पंचाकडे बघा. टेक्स रिकार्ड त्याचं नाव; लढत भरवणारा तोच आणि पंचही तोच. कसा चालतोय? तुरुतुरु चालत असेल, मान झटकन वळवत असेल, तर फीत पळते आहे. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 चित्रं टिपायचे. बोलपटाचं यंत्र आलं ते 24 चित्रांचं. जुनी फीत नव्या यंत्रावर लावली की सगळी माणसं लगबगीची बाहुली होतात. फोनवर वेग कमी करायची सोय असते, तिथे 0.75 करून बघा. पंच माणसासारखा पावलं टाकू लागला की वेग जुळला. ‘असली धडपड म्हणजे कसलं बॉक्सिंग’ हा जुन्या लढवय्यांबद्दलचा शेरा निम्मा तरी इथेच गळून पडतो, असं माझं मत आहे.

वेग जुळला? आता पाच मिनिटं काहीही ठरवू नका. नुसती जाऊ द्या फीत.

आता जॉन्सनचे हात. आजचा मुष्टियोद्धा हात हनुवटीशी घेऊन उभा राहतो. हा पुढे काढून उभा आहे, पंजे अर्धे उघडे. जेफ्रीज पुढे येतो, हात उचलतो, आणि त्याचा हात निघायच्या आतच जॉन्सनचा पंजा त्याच्या दंडावर, कोपराच्या वरच्या बाजूला बसलेला असतो. ठोसा जन्मालाच येत नाही. दोघं एकमेकांना चिकटतात. कुणी म्हणेल, घेतली मिठी, लावा पुढे. तुम्ही पुढे लावू नका, कारण लढत तिथेच चालली आहे. जॉन्सन आपलं वजन जेफ्रीजच्या खांद्यावर टाकतो, त्याला ते पेलायला लावतो, डावा पंजा दंडावर तसाच ठेवतो आणि उजवा हात खालून वर हनुवटीकडे सोडतो. पुन्हा दंड. पुन्हा वजन. पुन्हा खालून वर.

हे बघायला वेगळी नजर लागते, आणि ती आपल्याकडे आहे. बॉक्सिंग हा आपल्या हिंगोलीचा खेळ नव्हे. आपला खेळ मातीतला. दसरा असो की गावची जत्रा, फड लागला की माणसं गोल करून बसतात आणि खडाखडी सुरू होते: मनगटाला मनगट, कोपराला पंजा, मानेवर हात. नवखा माणूस त्या वेळात शेंगा सोलतो आणि डाव पडायची वाट बघतो. जाणता म्हातारा तेव्हाच पुढे सरकून बसतो. ‘हात सापडला बघ त्याला,’ असं तो पुटपुटतो, आणि थोड्या वेळाने पट निघतो तेव्हा त्याला आश्चर्य वाटत नाही. त्या म्हाताऱ्याच्या नजरेने रीनोची फीत बघा. दंडावरचा तो पंजा म्हणजे कब्जा आहे, आणि जॉन्सनची ताकद ठोशात कमी, कब्जात जास्त आहे. बॉक्सिंगच्या जाणत्यांनी हे लिहिलंच नाही असं नाही. पण सर्वसाधारण प्रेक्षकाला ठोसा मोजायची सवय असते, आणि जॉन्सनचं सगळं काम ठोशाच्या आधी होऊन गेलेलं असतं.

पंधराव्या फेरीत जेफ्रीज पडला. जॉन्सन काळा, जेफ्रीज गोरा. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली, आणि कितीतरी शहरांनी ही फीत दाखवायला बंदी केली. 1912 साली तर मुष्टियुद्धाची फीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच कायद्याने बंदी आली, ती 1940 पर्यंत टिकली. त्याआधी 1908 मध्ये सिडनीत जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि कॅमेरेही थांबवले. काळ्या माणसाने गोऱ्याला आडवं केल्याचं चित्र जगभर फिरू नये म्हणून, असं सांगतात. तेव्हा पुढच्या एक-दोन पिढ्यांनी जॉन्सनला जोखलं ते बहुतेक छापील वर्णनांवरून, आणि त्यातली बरीच वर्णनं जेफ्रीजने जिंकावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेल्यांनी लिहिलेली.

आता फीत मागे न्या आणि या वेळी फक्त जेफ्रीजकडे बघा. सहा वर्षं हा माणूस रिंगपासून दूर होता. शेतीवाडी करत होता, अंगाने भलताच सुटला होता आणि या लढतीसाठी त्याने शंभरेक पौंड वजन उतरवलं. दिसतंय का ते? पाय वेळेवर येत नाहीत. डोळ्याला दिसतं, हाताला कळत नाही. म्हणजे आपण बघतोय तो जेफ्रीज नव्हे, त्याचा उतार आहे. जॉन्सनचं कौतुक करताना हे एवढं वजा करावं लागतं. कोणत्याही फितीपुढे बसलात की हा प्रश्न विचारायचा: हा माणूस त्याच्या कोणत्या दिवसात आहे, आणि समोर कोण उभा आहे?

मुहम्मद अलीचं सगळ्यात सुंदर बॉक्सिंग कोणतं, असं विचारलं तर पुष्कळ जण 14 नोव्हेंबर 1966 च्या ह्यूस्टनच्या लढतीचं नाव घेतात. बघा ती. तीन फेऱ्यांत खेळ खलास, पाय जमिनीला टेकतात की नाही अशी शंका यावी. आता क्लीव्हलँड विल्यम्सकडे बघा. दोन वर्षांपूर्वी त्याला पोटात पोलिसाची गोळी लागली होती. एक मूत्रपिंड गेलं होतं, आतडी कापावी लागली होती. अलीचे पाय तेवढेच सुंदर राहतात. पण त्या सौंदर्याला पुरावा म्हणून कोर्टात उभं करता येत नाही. आपल्या कौर सिंगचंही असंच. 1980 च्या जानेवारीत दिल्लीत तो अलीबरोबर प्रदर्शनी लढतीत उतरला. दोन वर्षांनी त्याच दिल्लीत त्याने आशियाई खेळांचं हेवीवेट सुवर्ण घेतलं. अलीशी हात केले हे त्याच्या आयुष्यात केवढं मोठं, पण 38 वर्षांच्या थकलेल्या अलीवरून ना अली जोखता येतो ना कौर सिंग.

थोडं थांबा. डोळे मिटले तरी चालतील. मिटल्यावर काय आठवतं ते बघा. बहुतेक पडणारा माणूस आठवेल. पाय कुणाचेच आठवणार नाहीत.

म्हणून पुढची फीत पायांसाठी आणि परत येणाऱ्या हातासाठी. 19 जून 1936, न्यूयॉर्क: जो लुई विरुद्ध मॅक्स श्मेलिंग. लुई तोवर व्यावसायिक लढतीत हरलाच नव्हता. श्मेलिंग या लढतीच्या आधी त्याच्या फिती बघत बसला होता, आज आपण बसलोय तसाच. फरक इतकाच, की चुकीचं बघितलं तर किंमत त्याच्या जबड्याला मोजावी लागणार होती. त्याला दिसलं ते हे: लुई डाव्या हाताने सरळ ठोसा मारतो आणि तो हात परत घेताना खाली सोडतो. बघा तुम्हीही. हात जातो तेव्हा सगळे बघतात. परत येतो तेव्हा कोण बघतं? डावा परत येतोय, छातीच्या खाली येतोय, आणि त्या क्षणी डावा गाल उघडा. श्मेलिंगचा उजवा हात तिथे बसतो. चौथ्या फेरीत लुई खाली बसला, बाराव्या फेरीत संपला. नुसत्या बघण्यातून इतकं पदरात पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

लगेच 22 जून 1938 ची लावा. तीच दोन माणसं. 124 सेकंद. इथे वेग अर्ध्यावर आणा, कारण लुईचा हात इतकं थोडं अंतर तोडतो की साध्या वेगात ठोसा दिसतच नाही, फक्त श्मेलिंगची मान हललेली दिसते. आणि तो डावा हात बघा. आता खाली येत नाही. दोन वर्षांपूर्वी श्मेलिंगने हेरलेलं भोक बुजवलेलं आहे. हेवीवेटच्या इतिहासातला सगळ्यात पूर्ण मुष्टियोद्धा म्हणून मी लुईला पहिला धरतो, तो या दोन फिती पाठोपाठ बघून. एका फितीवरून धरला नसता.

फितीला सगळंच कळतं असं मात्र समजू नका. 5 एप्रिल 1915, हवाना. रणरणत्या उन्हात जॉन्सन सव्विसाव्या फेरीत जेस विलर्डच्या हातून पडला. उताणा पडलाय, दोन्ही हातमोजे डोळ्यांवर. पुढे जॉन्सनने सांगितलं की आपण पैसे घेऊन पडलो, उन्हाची तिरीप नको म्हणून हात डोळ्यांवर धरले. ही फीत वर्षानुवर्षं हरवलीच असं मानलं जायचं, सापडली. त्यात पंचविसाव्या फेरीपर्यंत 37 वर्षांचा एक माणूस घामाने निथळत लढताना दिसतो, दमताना दिसतो, त्याचे ठोसे हलके होताना दिसतात. पडायचंच होतं तर इतका वेळ उन्हात कशाला राबला? मला विचाराल तर तो हरला. पण हात डोळ्यांवर का होते, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. दिसायचंही नाही.

शिकागोतली 22 सप्टेंबर 1927 ची लढत घ्या. सातव्या फेरीत जॅक डेम्प्सीने जीन टनीला पाडलं. नियम नवा होता: पाडणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जायचं, मगच पंच मोजणार. डेम्प्सी जुन्या सवयीने तिथेच घुटमळला, पंच थांबला, मोजणी उशिरा सुरू झाली. नऊला टनी उठला. तुम्ही स्वतः मोजा, फोनचं घड्याळ लावून. चौदाच्या आसपास येईल. म्हणजे टनी खरं तर हरला होता? पुन्हा बघा: तो बसलाय, एक हात दोरावर, नजर पंचाकडे. मोजणीची वाट बघतोय असं वाटतं. की तसं आपल्याला वाटायला हवंय? आकडा फितीतून मिळतो. आठव्या सेकंदाला त्याला उठता आलं असतं का, हे फक्त टनीला ठाऊक. तो ‘हो’ म्हणाला. तो ‘नाही’ कशाला म्हणेल?

आता वजन. आज व्यावसायिक हेवीवेट 200 पौंडांच्या पुढचा, म्हणजे साधारण 91 किलोच्या वर. 1919 साली टोलेडोत डेम्प्सीने विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं तेव्हा तो होता 187 पौंडांचा आणि समोर जवळजवळ साठ पौंडांनी जड माणूस. रॉकी मार्सियानो 49 लढती खेळला, 49 जिंकला. वजन 185 च्या आसपास. आजच्या तराजूवर हे दोघेही हेवीवेट ठरणार नाहीत. पारावर, चहाच्या टपरीशी लगेच वाद पेटतो, ‘तो आज असता तर’. हा वाद अमेरिकेनेही घातला आणि थेट संगणकाला विचारला. 1969 मध्ये निवृत्त मार्सियानो आणि बंदी घातलेला अली या दोघांना रिंगमध्ये उभं करून लुटुपुटीच्या फेऱ्या चित्रित केल्या, शेवट एकाहून जास्त केले, आणि 1970 च्या जानेवारीत चित्रपटगृहांत संगणकाचा निकाल दाखवला: तेराव्या फेरीत मार्सियानो. तोवर मार्सियानो विमान अपघातात जाऊन काही महिने झाले होते. सगळ्या मुष्टियुद्धाच्या फितींत ही एकच मी कुणाला बघायला सांगणार नाही.

फडावर आपण वजनाचा बाऊ करत नाही. जोड लावणारा नजरेनेच तोलतो, आणि पाच-दहा किलोंचा फरक असला तरी हलका गडी चपळ असेल तर लोक ‘लागू द्या’ म्हणतात. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत हे चालतं. तेव्हा डेम्प्सी लहान होता म्हणून तो आज टिकला नसता, हा युक्तिवाद इथल्या माणसाला अर्धवटच पटतो. मलाही. पण साडेसहा फुटांचा, 110 किलोंचा आणि पाय हलवणारा माणूस त्या काळात नव्हता, हेही खरं. विलर्ड उंच होता, पाय त्याचे खुंटाला बांधल्यासारखे होते.

मार्सियानोचं नाव निघालंय तर 23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया. सगळीकडे फिरते ती या लढतीतली दोन सेकंदांची क्लिप: मार्सियानोचा आखूड उजवा हात, जर्सी जो वॉलकॉट दोराला लटकत खाली सरकतोय. ती बघून माणूस म्हणतो, काय हा राक्षस. मी सांगतो, पहिल्या फेरीपासून बघा. पहिल्याच फेरीत मार्सियानो स्वतः खाली बसलाय. 38 वर्षांचा वॉलकॉट पाऊल मागे घेतो, खांदा खाली टाकतो, वळतो, आणि मार्सियानोचे हात हवेत जातात. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. त्या दोन सेकंदांनी वॉलकॉटची पाऊण तासाची हुशारी खाऊन टाकली. वॉलकॉटचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याला कारण ती क्लिप.

शेवटची लढत आपण पूर्ण बघू. 30 ऑक्टोबर 1974, किन्शासा. अली 32 वर्षांचा, जॉर्ज फोरमन 25 चा, चाळीसच्या चाळीस लढती जिंकलेला. दंतकथा सगळ्यांना पाठ आहे: अली दोरावर रेलून मार खात राहिला, फोरमन दमला, आठव्या फेरीत पडला. दंतकथा बाजूला ठेवा आणि पहिली फेरी बघा. अली दोरावर फारसा नाहीच. उजवा हात आधी मारतोय, जे कुणी शहाणा करत नाही. दुसऱ्या फेरीपासून दोर. आता अलीचा डावा हात कुठे जातो ते बघा. फोरमन आत शिरला की तो हात त्याच्या मानेमागे जातो आणि मान खाली ओढतो. सोडतो. पुन्हा आत आला, पुन्हा मान. मोजू नका, नुसतं बघा. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीतल्या पोराला याचं नाव माहीत आहे: गर्दनखेच. वस्ताद सांगतो की समोरच्याच्या मानेवर आपलं वजन लाव, डाव नंतर मार. मान ओढली की कंबर वाकते, कंबर वाकली की पाय जड होतात. फोरमन ठोसे मारून दमला हे खरंच, पण सात फेऱ्या ती मान सांभाळण्यातही दमला. बॉक्सिंगच्या नियमात हे बसत नाही. पंच अधूनमधून सोडवतो आणि पुन्हा तेच होतं. दोराच्या गोष्टीत ही मान हरवून गेली. अलीच्या जिभेबद्दल आणि पायांबद्दल ढीगभर लिहिलं गेलं. त्याच्या डाव्या हाताच्या या पैलवानी कामाबद्दल त्या मानाने फारच थोडं.

आणि आता फोन खाली ठेवा, कारण इथून पुढे बघायला काही नाही.

1962 च्या जकार्ता आशियाई खेळांत सांगली जिल्ह्यातल्या दोन पैलवानांनी वरच्या दोन वजनी गटांत चार पदकं घेतली. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. दोघेही हिंदकेसरी, त्यांच्याआधी 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले श्रीपती खंचनाळे. आपले हेवीवेट हे. आंदळकर खडाखडीत डावा पाय पुढे ठेवायचे की उजवा? मानेंचा हात आधी मनगटावर जायचा की मानेवर? त्यांच्यावर लेख आहेत, फोटो आहेत, सत्काराच्या बातम्या आहेत, आखाड्याकडेला बसून सांगितलेल्या गोष्टी आहेत, आणि गोष्टीत पैलवान दर वर्षी थोडा वाढतो. रीनोसारखी सलग, मागे नेऊन पुन्हा बघावी अशी कुस्ती जाणत्याच्या हाती द्यायला माझ्या माहितीत तरी नाही. जेफ्रीजच्या उतरत्या पायांवर आपण शंभराहून जास्त वर्षांनंतर बोलू शकतो. खंचनाळेंच्या पायांवर नाही.

त्या काळी कॅमेरा महाग होता, हे कारण झालं. आज ते नाही. दसऱ्याच्या कुस्त्यांना फडाभोवती बसलेल्या प्रत्येक दुसऱ्या हातात फोन असतो, तरी उरतं काय? ढाक बसल्याचे दहा सेकंद, वर गाणं चढवलेलं, वेग मुद्दाम कमी-जास्त केलेला, पैलवानाचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. वॉलकॉटला ज्या दोन सेकंदांनी खाल्लं, तेच आपण आपल्या पोरांचं करतोय, आणि आपल्या हाताने.

तेव्हा सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, जिथे कुठे यंदा फड लागेल तिथे जाणाऱ्यांनी एवढं करा. शेवटच्या इनामाच्या कुस्तीला फोन आडवा धरा. सलामीपासून सुरू करा, पंच हात वर करेपर्यंत बंद करू नका. दोघांचे पाय चौकटीत राहतील इतके मागे बसा, आणि चेहरा मोठा करायच्या नादात जवळ जाऊ नका. सुरुवातीला दोन्ही पैलवानांची नावं, गावं, वजन आणि तारीख तोंडाने बोला. गाणं लावू नका, वेग बदलू नका, खडाखडी कापू नका. कुस्ती बरोबरीत सुटली तरी ठेवा. आणि एक प्रत त्या पोराच्या वस्तादाला द्या.